बिनतोंड्या बाबा आणि सत्तावीसरावांच्या टिचक्या

एक कोडं घालते. उत्तर येत असलं तरी लगेच ओरडू नका. मलाही कुणी लगेच सांगितलं नव्हतं. अख्खा दिवस सगळ्यांनी मिळून माझा जीव खाल्ला होता.

एक लेसर यंत्र आहे. त्यातून प्रकाशाचे स्पंद (सुटे सुटे ठोके) बाहेर पडतात. एका स्पंदात ऊर्जा फार नसते, एक मध्यम बटाटा वीतभर वर उचलायला लागेल तेवढीच. हे स्पंद रंग फासलेल्या दगडावर सोडले, तर रंग करपून दगडाला चिकटला. मग तेच यंत्र, तोच प्रकाश आणि स्पंदामागे तेवढीच बटाट्याची ऊर्जा पुन्हा त्याच दगडावर सोडली, तर रंग टक्‌ टक्‌ करत उडून गेला आणि खालचा दगड हाताला गार लागला. असं का?

मी कस्तुरा काटकर, इयत्ता सातवी, मुक्काम तांबडमाळ. पणजीचं नाव ठेवलंय मला, त्यावरून चेष्टा नको. आमच्या गावाच्या वेशीत छातीएवढ्या उंचीचा एक वीरगळ आहे. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. आमचा कोरीव होता असं नुसतं ऐकून होतो. दिसत काहीच नव्हतं, आणि त्याला कारण आमचंच गाव.

तांबडमाळात बावीस घराणी आहेत. दर जत्रेला त्यातल्या एका घराण्याला वीरगळ रंगवायचा मान मिळतो. फार पूर्वी नुसता शेंदूर लावायचे. पुढे कुणाला तरी तैलरंगाची हौस आली आणि मग ज्याचा मान त्याच्या आवडीचा रंग, असं सुरू झालं. एकानं पोपटी दिला की दुसऱ्या वर्षीचा गडी त्यावर केशरी देणार, आणि आपला रंग उठून दिसावा म्हणून दोन हात जास्त मारणार. साठ-सत्तर वर्षं हे चाललं. दगडावर इतकी पुटं चढली की आतल्या वीराचं नाक, डोळे, तोंड सगळं बुजलं. गाव त्याला ‘बिनतोंड्या बाबा’ म्हणायला लागलं. स्वतःच तोंड बुजवायचं आणि वर बिनतोंड्या म्हणायचं! डोकं फिरतं माझं.

यंदा मान आमचा होता. माझे आजोबा चाळीस वर्षं लेसरवर संशोधन करून गावी परतलेत. गाव त्यांना आबा म्हणतं. त्यांनी ग्रामसभेत जाहीर केलं, “यंदा काटकर रंग चढवणार नाहीत. काढणार.”

केवढा गोंधळ झाला म्हणून सांगू! शेवटी सरपंचबाईंनी तोडगा काढला. एक दिवस मिळेल. सायंकाळच्या सभेपर्यंत बाबाचं तोंड दिसलं तर पुढचं पुढे बघू. नाही दिसलं, किंवा दगडाला इजा झाली, तर त्याच सभेत चंदेरी रंगाचा हात मारायचा आणि पुन्हा हे खूळ काढायचं नाही.

आमचा पुढचा मान बावीस वर्षांनी येणार. आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. बेरीज तुम्हीच करा.

जिल्ह्याच्या वारसा-दुरुस्ती केंद्रानं एक रोबो पाठवला. त्याच्या छातीवर सत्तावीस आकडा होता. गावानं पहिल्याच दिवशी त्याला ‘सत्तावीसराव’ करून टाकलं. त्याच्या पोटात लेसर होता आणि उजव्या हाताच्या टोकाशी प्रकाश सोडायचं नळकांडं. दगडाभोवती त्यानं गडद काचेचा पडदा उभारला, आम्हाला हिरवट चष्मे दिले आणि जुन्या रंगातल्या शिशाची वाफ ओढून घ्यायला एक जाड नळी लावली. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं.

मग आजोबांना सरपंचबाईंनी चहाला नेलं. जाताना ते म्हणाले, “कोपऱ्यावर चाचणी घ्यायला हरकत नाही. पण आधी नीट विचार कर.”

विचार करायला शांतता लागते. पडद्याबाहेर भाऊतात्या खाडे खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर चंदेरी रंगाचा डबा आणि हातात ब्रश. गावानं त्यांना राखणदार नेमलं होतं. सकाळी सातपासून त्यांचं एकच पालुपद चालू होतं.

“सावकाश गं पोरी! जुनं हाय त्ये. दमानं घे.”

“स्पंद कुठल्या पद्धतीनं सोडू?” सत्तावीसरावांनी मला विचारलं.

“सावकाश.”

“सावकाश नावाची पद्धत नाही. मोकळा स्पंद दोनशे मायक्रोसेकंद टिकतो. अडवून सोडलेला स्पंद दहा नॅनोसेकंद टिकतो. याशिवाय…”

मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग आणि नॅनोसेकंद म्हणजे त्याचाही हजारावा भाग, एवढं मला ठाऊक होतं. “जो जास्त वेळ टिकतो तो लाव,” मी म्हटलं.

“कारण?”

“कारण मंद आचेवर काही करपत नाही! आई रोज सांगते.”

“ही माहिती स्वयंपाकाची आहे,” सत्तावीसराव म्हणाले. “कोपऱ्याच्या चाचणीपुरती सूचना मान्य.”

मला वाटलं, काय हा आगाऊपणा! पाचच मिनिटांत पडद्याआड जळका वास सुटला. कोपऱ्यावर रंगाचे थर थोडेच होते. केशरी रंगाला फोड आले, तो वितळला, काळा पडला आणि खालच्या शेंदराचीही राख-काजळी झाली. तळहाताएवढा डाग पडला. मी “थांब, थांब!” म्हणून किंचाळले. भाऊतात्यांनी पेचकस घेतला आणि डब्याचं झाकण उचकटलं.

आजोबा आले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते डागाजवळ वाकले आणि म्हणाले, “एका स्पंदात ऊर्जा किती होती?”

“एक पंचमांश ज्यूल. बटाटा वीतभर.”

“आणि ती किती वेळात दिली?”

“आजोबा, दगड जळालाय! प्रश्न कसले विचारताय?”

“तू किती हे विचारलंस. किती वेळात हे विचारलंच नाहीस. कर भागाकार.”

आता मला सांगा, रडू येत असताना भागाकार करायला कोण लावतं? पण केला. एक पंचमांश ज्यूल दोनशे मायक्रोसेकंदांत दिला, तर शक्ती (दर सेकंदाला ऊर्जा देण्याचा वेग) आली एक हजार वॅट. म्हणजे आपली घरातली एक इस्त्री. तेवढाच ज्यूल दहा नॅनोसेकंदांत दिला, तर दोन कोटी वॅट. मी दोनदा तपासलं. वीस हजार इस्त्र्या!

“मग ते तर वीस हजारपट जास्त जळेल!” मी म्हटलं.

“तुझी आई तव्यावरची भाकरी कशानं उलटते?”

“हातानं.”

“तवा तापलेला असतो ना? बोट का भाजत नाही?”

“ती झटकन उलटते म्हणून…” एवढं बोलले आणि मी थांबले.

आजोबांना हेच हवं होतं, आणि याचाच मला राग येतो. पण गोष्ट खरी होती. उष्णतेला एका जागेवरून दुसरीकडे जायला वेळ लागतो. स्पंद लांब असला तर उष्णता वरच्या रंगातून खालच्या रंगात, तिथून दगडात शिरते. सगळं मिळून भाजत बसतं, आणि वरचा थर धड उडतही नाही. स्पंद फार आखूड असला तर उष्णतेला आत शिरायला फुरसतच मिळत नाही. ती शंभरपट कमी खोल जाते. सगळी ऊर्जा वरच्या पातळ पापुद्र्यातच अडकते, त्याची क्षणात वाफ होते, ती वाफ जोरानं उसळते आणि पापुद्रा घेऊन जाते. दगडाला पत्ताही लागत नाही. पुस्तकातल्यासारखं सांगायचं तर झटपट तेच हळुवार, आणि मी सावकाश करायला जाऊन दगड भाजला होता.

“पण दोनशे मायक्रोसेकंदांची ऊर्जा दहा नॅनोसेकंदांत कोंबायची कशी?” मी विचारलं.

“लेसरच्या पोटात काय असतं?”

मी वैतागून घडाघडा बोलले. “एक स्फटिकाची कांडी असते. बाहेरून दिवे लावून तिच्यातल्या अणूंना ऊर्जा भरवतात. भरलेल्या अणूजवळून प्रकाश गेला की अणू तसाच आणखी प्रकाश सोडतो. कांडीच्या दोन बाजूंना दोन आरसे असतात. प्रकाश त्यांच्यात येरझाऱ्या घालत वाढत जातो. एक आरसा थोडा कच्चा असतो, त्यातून जो बाहेर येतो तो लेसर. झालं?”

“दिवे लावल्याबरोबर प्रकाश सुरू होतो, आणि दिवे भरवतात तसा तसा बाहेर पडत राहतो. हा तुझा मोकळा स्पंद. आता…”

“दारं धरायचं!” पडद्याबाहेरून आवाज आला.

भाऊतात्या बोलत होते.

“न्हाय म्हंजे, आमी पाटाचं पानी धरताव तसंच की ह्ये,” ते म्हणाले. “पाट उघडा सोडला तर पानी निस्तं पाझरत जातंय, शेवटच्या वाफ्याला पोचत न्हाय. म्हनून दार लावायचं, पानी तुंबू द्यायचं, आन् पाट गच्च भरला की दार उपसायचं एकदम! पानी असं जातंय, असं जातंय…” आणि ब्रश हवेत फिरवून त्यांनी ते कसं जातं ते दाखवलं.

आजोबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मी सातवीतली, विज्ञानात पहिली, आणि उत्तर दिलं रंगाचा डबा धरून बसलेल्या माणसानं! चीड आली मला, कुणाची ते मात्र कळेना.

हीच ती दुसरी पद्धत. आरसा आणि कांडी यांच्यामध्ये एक दार बसवतात. त्याला क्यू-स्विच (आरशाची वाट अडवून एकदम मोकळी करणारी झडप) म्हणतात. दार बंद असताना प्रकाशाला आरशाशी येरझाऱ्या घालता येत नाहीत, म्हणून तो वाढत नाही. पण अणूंना भरवणं चालूच असतं. कांडी गच्च भरली की दार उघडायचं. सगळे अणू जवळजवळ एकाच वेळी रिकामे होतात आणि एकच प्रचंड लोंढा बाहेर पडतो. फार वेळ मात्र अडवून धरता येत नाही. बांध झिरपतो तसे भरलेले अणू आपोआप गळायला लागतात, म्हणून दार नेमक्या वेळी उघडावं लागतं.

“आणखी तीन पद्धती आहेत,” सत्तावीसराव म्हणाले. “एकीत भरवणंच क्षणभर करतात, म्हणजे प्रकाशही क्षणभरच येतो. दुसरीत दोन्ही आरसे पक्के ठेवतात, प्रकाश आतल्या आत साठवतात आणि मग बाजूच्या खिडकीतून तो एकदम…”

“सत्तावीसराव, साडेदहा वाजले!” मी ओरडले.

“अडवून सोडलेला स्पंद. सुरू करतो.”

टक्‌. टक्‌. टक्‌. कुणीतरी नखानं टिचकी मारावी तसा आवाज येत राहिला. प्रत्येक टिचकीला एक इवलीशी ठिणगी दिसायची आणि एक पापुद्रा गायब व्हायचा. सत्तावीसराव नुसत्या टिचक्या मारत नव्हते. त्या ठिणगीचा उजेड पाहून कुठला पदार्थ उडाला ते ओळखत होते. शिसं दिसलं की अजून रंग आहे. लोखंड आणि सिलिकॉन दिसलं की दगड लागला, थांबायचं.

आम्ही बाबाच्या तोंडाच्या जागी हातभर चौकोन आखला होता. आधी केशरी थर गेला, मग पोपटी, निळा, पिवळा. लोक काचेला नाक लावून बघत होते. “आमच्या बापाचा रंग!” “ह्यो आमच्या चुलत्याचा!” कुणाला आनंद झाला, कुणी डोळे पुसले. दुपारी एकच्या सुमाराला एक गडद हिरवा थर लागला. तो काही केल्या संपेना.

“तीन हात आहेत त्याचे,” आजोबा खालच्या आवाजात म्हणाले. “मी मारलेत. बारा वर्षांचा होतो. आमचा मान होता म्हणून वडलांनी ब्रश माझ्या हातात दिला. त्या आधी बाबाच्या नाकाचा शेंडा थोडा वर दिसायचा. मला वाटलं, तेवढंच रंगवायचं राहिलंय. तेवढंही राहू नये म्हणून मी त्यावर तीन हात मारले.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग मला कळलं की हा माणूस एवढा हट्टाला का पेटलाय. माझा सगळा राग गेला असं नाही, पण बराच गेला.

चार वाजता सत्तावीसराव थांबले. हिरवा संपला होता, त्याखालचे सगळे तैलरंग संपले होते. उरला होता फक्त जुना शेंदूर, उंचवट्यांवर केसाहूनही पातळ, आणि त्याखाली लिंबाएवढा चेहरा. पण चेहरा अजून दिसत नव्हता. कोरीवकामाच्या खाचांत शेंदूर बसून सगळं गुळगुळीत झालं होतं.

“पुढे जाता येणार नाही,” सत्तावीसराव म्हणाले. “या टिचकीचा धक्का आता दगडापर्यंत पोचेल. नाकाची, ओठांची कड उडण्याचा धोका आहे. स्पंद हजारपट आखूड हवा. यंत्र जुळवायला वीस मिनिटं लागतील.”

आणि नेमके तेव्हाच सगळे सभेला जमायला लागले. जत्रेमुळे सभा लवकर घेतली होती. कुणाला काही वेळेवर करायचं नसतं, पण आज मात्र घड्याळाच्या आधी हजर! सरपंचबाई पुढे आल्या, काचेतून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“तोंड कुठं आहे? आणि हा कोपरा काळा कसा झाला? यंत्रानं जाळला?”

भाऊतात्या माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं, पण ते बोलले नाहीत. सत्तावीसरावही बोलले नाहीत. त्यांना प्रश्न थेट विचारलेला नव्हता. मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. यंत्राला कुणी शिक्षा करत नाही.

“यंत्रानं नाही, मी जाळला,” मी म्हटलं. “आजोबा नव्हते. यंत्रानं मला कारण विचारलं होतं, मी चुकीचं दिलं. काजळी निघेल, पण भाजलेला दगड पुन्हा पहिल्यासारखा होणार नाही. चूक माझी आहे. पण चेहरा वीस मिनिटांवर आलाय. फक्त वीस मिनिटं द्या.”

“दगडाला इजा झाली तर रंग मारायचा, असं ठरलं होतं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“ठरलं होतं, मान्य. पण वीस मिनिटांनी रंग वाळून जाणार आहे का डब्यातला?” मी ओरडलेच. सभेत असं बोलायचं नसतं. पण सरपंचबाईंना हसू आलं. “बरं, वीस मिनिटं,” त्या म्हणाल्या. “पण आम्ही काय करायचं वीस मिनिटं? आणि हे आखूड करणार म्हणजे नेमकं काय करणार, ते आम्हाला कळलं पाहिजे.”

मी आजोबांकडे पाहिलं. ते सत्तावीसरावांच्या पोटात डोकं घालून आरसे बघत होते. त्यांनी तोंड वर न काढता एक बोट माझ्याकडे केलं. म्हणजे तूच सांग!

सुचलं ते केलं. अकरा माणसं पुढे बोलावली. प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळाची पट्टी होतीच. सत्तावीसरावांनी एकेकाच्या पट्टीला वेगळा ठोका दिला. पहिल्यानं मिनिटाला दहा टाळ्या वाजवायच्या, दुसऱ्यानं अकरा, तिसऱ्यानं बारा, असं करत शेवटच्यानं वीस. पहिली टाळी सगळ्यांनी एकदम वाजवायची आणि मग आपापल्या पट्टीचं ऐकायचं. सोपं आहे ना?

कसलं सोपं! दहाव्या सेकंदाला सगळे एका ठेक्यात वाजवायला लागले. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या भजन आणि लेझीम. शेजाऱ्याचा ताल धरायची सवय हाडात मुरलेली. “आपली पट्टी ऐका!” मी ओरडत होते, आणि ते डोलत होते. दुसऱ्यांदाही तेच झालं. शेवटी मी सगळ्यांना एकमेकांकडे पाठ करून, डोळे मिटून उभं केलं.

या खेपेला जमलं. पहिली टाळी एकत्र पडली आणि मग नुसता पाचोळा. कधी ही टाळी, कधी ती, कशाचा कशाला मेळ नाही. मिनिट संपत आलं तशी गंमत झाली. शेवटचे तीन सेकंद एकही टाळी नाही. भोवतीचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. आणि साठाव्या सेकंदाला अकराच्या अकरा टाळ्या एका क्षणी वाजल्या. धाडकन! कडुलिंबावरचे कावळे उडाले.

“टाळ्या वाढवल्या का आपण?” मी विचारलं. “नाही. होत्या तेवढ्याच. फक्त सगळ्यांची सुरुवात एका क्षणाला बांधली आणि प्रत्येकाच्या वेगात सारखं अंतर ठेवलं. म्हणून मध्ये पाचोळा, आणि ठरल्या वेळी एकच मोठी टाळी.”

लेसरच्या दोन आरशांमध्ये नेमक्या मावतील अशाच लहरी टिकतात. त्या शेकडो असतात, प्रत्येकीचा कंपनांचा वेग थोडा वेगळा आणि शेजारशेजारच्या दोघींच्या वेगातलं अंतर अगदी सारखं. एरवी त्या आपापल्या मर्जीनं सुरू होतात आणि सगळा पाचोळा होतो. प्रकाश आरशांमधली एक फेरी पूर्ण करेल नेमक्या त्याच वेळी उघडणारं दार आत बसवलं, की सगळ्या लहरींना एकत्र सुरुवात करावी लागते. याला मोड-लॉकिंग (लहरींची सुरुवात एका क्षणाला बांधणं) म्हणतात. मग त्या मोठ्या टाळीसारखा एक स्पंद दर फेरीला बाहेर येतो. तो टिकतो दहा पिकोसेकंद. पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. त्याच्यातली ऊर्जा थोडी वाढवून घेतली, तरी ती मोहरीचा दाणा वीतभर उचलण्याएवढीच भरते. पण ती इतक्या कमी वेळात आणि इतक्या बारीक जागी पडते, की शेंदराचा कण उडतो आणि शेजारच्या कणाला धक्काही लागत नाही.

“म्हंजे पाटाच्या दारापरीस ह्ये येगळंच,” भाऊतात्या म्हणाले. “तिथं पानी तुंबवायचं. हितं समद्यांनी एका टायमाला हात उचलायचा.”

“हो,” मी म्हटलं. या खेपेला मला राग आला नाही.

“जुळलं,” आजोबांचा आवाज आला.

आता टिचक्या ऐकू येत नव्हत्या, नुसती बारीक सूंऽऽ ऐकू येत होती. काचेमागे लाल रंग विरळ होत गेला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंचवीस मिनिटं. मागितलेली वीस मिनिटं कधीच संपली होती, पण तसं कुणी बोललं नाही.

“शिसं संपलं,” सत्तावीसराव म्हणाले. “दगड लागला. थांबतो.”

पडदा बाजूला सरला. लिंबाएवढा चेहरा होता तो, काळ्याभोर दगडातला. केसांचा बुचडा एका बाजूला, कानात बाळ्या, गाल गोल. ओठ किंचित उघडे, कुणाला तरी हाक मारताना असतात तसे. आजोबा पुढे झाले, चष्मा काढला, पुन्हा घातला. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांचे डोळे भरून वाहत होते.

गर्दीतून भाऊतात्यांची आई, भागूआजी, काठी टेकत आल्या. नव्वदीच्या आहेत. त्यांनी कधी बाबाचा नैवेद्य चुकवलेला नाही. त्या अगदी जवळ वाकल्या.

“आगं बया,” त्या म्हणाल्या. “बाबा बाबा म्हनून जन्मभर नवस बोलले ह्याला. आन् ह्यो तर पोर हाय! मिसरूडबी फुटलं न्हाय.” त्यांनी दोन्ही हातांची बोटं त्या दगडी गालांवरून फिरवली आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. “येवढ्या ल्हान वयात गेलास व्हय रं लेकरा?”

सरपंचबाईंनी मत मागितलंच नाही. भाऊतात्यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाले, “लेकराच्या तोंडावर रंग? माजा हात व्हायचा न्हाय. फुडल्या साली मान आमचा हाय. आमीबी काढनार.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मला शिकीव पोरी. पर शिकवताना वसकायचं न्हाय.”

“ते कबूल करता येणार नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भाऊतात्या वही घेऊन दारात हजर! मी अजून दातही घासले नव्हते. वैताग आला मला. वही हिसकावून उघडली, तर पहिल्या पानावर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आपल्या पोराचं नाव’, आणि पुढे रेघ मारून जागा मोकळी सोडली होती. आजोबा म्हणतात, नाव असलंच तर दगडाच्या तळाशी असेल, रंगाखाली कोरलेलं.

मी तोंडावर पाणी मारून आले आणि पहिला धडा सुरू केला.